खाऱ्या पाण्याच्या टाकीला दिवा कोणता घ्यावा आणि किती उंचीवर टांगावा? (खानापूर–बेळगाव)

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. खानापुरात घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावलीय. 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण 190 लिटर, वाळू-खडक वजा जाता 150-160 धरा. खारटपणा (विशिष्ट घनता) 1.025 वर स्थिर आहे, अमोनिया-नायट्राइट शून्यावर आलेत, क्लाउन माशांची जोडी खेळतीय. आता सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ, ठेवायची इच्छा आहे आणि गाडी दिव्यापाशी अडलीय.

एक दुकानदार म्हणतो 165 वॅटचा डबा घ्या, प्रश्नच मिटला. दुसरा म्हणतो गोड्या पाण्यातल्या झाडांसाठी मिळते ती पांढरी पट्टी पुरे. तिसरा सांगतो टी-फाइव्ह (बारीक फ्लुरोसंट) ट्यूबशिवाय कोरल जगत नाही. किमतीत चौपट-पाचपट फरक आहे, म्हणून विचारल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत असं ठरवलंय.

घराची माहिती देतो, कारण त्यावरही बरंच अवलंबून असेल. घर जुनं कौलारू, भिंती जांभ्याच्या. टाकी माजघरात आहे. वर कौलात दोन काचा बसवल्यात, त्यातून दुपारी ऊन थेट टाकीवर पडतं. घरची मंडळी म्हणतात देवाचं ऊन फुकट मिळतंय की, मग दिव्याला एवढा खर्च कशाला? मलाही ते अगदीच चूक वाटत नाही. पावसाळ्यात आमच्याकडं वीज किती जाते ते सांगायला नको.

तर मुख्य प्रश्न असे: दिवा कोणता, किती उंचीवर, टाकीच्या मध्यावर की पुढं-मागं, आणि कौलातल्या उन्हाचं काय करू?

---

टिळकवाडी_रीफ

तुमच्या प्रश्नात माप दिलंय, घर दिलंय, म्हणून सविस्तर लिहितो. जरा वेळ काढून वाचा.

आधी वॅट विसरा. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो एवढंच. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला झूझँथेली म्हणतात. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. त्या शैवालापर्यंत कामाचा प्रकाश किती पोचला, हे मोजायचं माप म्हणजे पार. 400 ते 700 नॅनोमीटर या पट्ट्यातले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते पार सांगतो. पारचा आकडा दिव्याच्या खोक्यावर शोधू नका. तुमचं कोरल ज्या जागी बसणार, त्या जागचा आकडा खरा.

आता त्या 165 वॅटच्या डब्याबद्दल. 55 एलईडी, प्रत्येक 3 वॅटचा, गुणाकार करून 165 छापतात. एलईडी पूर्ण क्षमतेवर चालवलेले नसतात, त्यामुळं प्रत्यक्ष ओढ साधारण 110-120 वॅट असते. डबा वाईट नाही, अनेकांच्या टाक्या त्यावर उत्तम चालल्यात. पण तुम्हाला जे ठेवायचंय त्यासाठी तो पूर्ण जोरावर लावलात तर कोरल भाजतील. निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येत असेल तरच घ्या. नुसतं चालू-बंद बटण असलेला डबा दुकानातच राहू द्या.

कोणाला किती लागतो, तर रीफवाल्यांमध्ये, म्हणजे कोरलची टाकी ठेवणाऱ्यांमध्ये, सर्वमान्य असलेले अंदाज असे. मशरूम (ताटलीसारखे पसरणारे मऊ कोरल) 50 च्या आसपास खूश असतात, 100 च्या वर आक्रसायला लागतात. झोआंना (झोअँथिड, छोट्या फुलांसारख्या तोंडांचे झुपके) 80 ते 150 पुरतो. लेदर कोरल, म्हणजे सार्कोफायटन आणि सिन्युलारिया, 100 ते 200 मध्ये छान फुलतात. बबल-टिप अॅनिमोन (कोरलचाच नातलग, क्लाउन ज्यात राहतात तो) 150 ते 250 मागतो. फांद्यांचे कठीण कोरल 200 ते 350 मागतात, पण ते तुमच्या यादीत नाहीत आणि नसावेतच. त्यामागं कायदाही आहे, त्याबद्दल इथल्या जाणकारांनी लिहावं.

म्हणजे तुमच्या टाकीला वाळूवर 50-70, मधल्या कपारीत 100-120 आणि खडकाच्या माथ्यावर 150-180 मिळालं की काम झालं. त्याहून मोठा दिवा घेणं म्हणजे जास्तीचं बिल आणि जास्तीचं शेवाळ.

रंगाचा मुद्दा वेगळा. समुद्रात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच पाणी पिऊन टाकतं, निळा सर्वांत खोल जातो. आपल्या विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे. तिचा माथाच मुळी 20 मीटर पाण्याखाली, आणि तिथं कोरल आहेत. एवढ्या खोल त्यांच्या वाट्याला येतो तो मुख्यतः निळाच. झूझँथेलीतलं क्लोरोफिलही 430-450 नॅनोमीटरच्या निळ्यात भरपूर प्रकाश शोषतं. म्हणून रीफच्या दिव्यात 420 ते 460 मधले निळे-जांभळे एलईडी मुख्य असतात आणि पांढरा चवीपुरता. झाडांची 6500 केल्विनची पट्टी लावली तर मशरूम आणि काही झोआ जगतीलही, पण त्यांचा हिरवा-केशरी झळाळ दिसणार नाही. तो झळाळ निळ्या प्रकाशातच उमलतो, कारण कोरलमधली प्रथिनं निळा प्रकाश घेऊन हिरवा-केशरी बाहेर टाकतात.

टी-फाइव्ह बद्दल ऐकलंत ते अर्धं खरं आहे. ट्यूबचा प्रकाश पसरट पडतो, सावल्या कमी, आणि त्यात कोरल सगळ्या अंगानं रंगतात. पण चांगल्या ट्यूब आपल्या भागात मिळवणं कटकटीचं आहे आणि दर 9-12 महिन्यांनी बदलाव्या लागतात, कारण डोळ्याला तेवढ्याच दिसल्या तरी त्यांचा प्रकाश उतरलेला असतो. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी एलईडीच सांगेन.

3 फुटी टाकीला एक मोठा दिवा मध्यभागी लावण्यापेक्षा 50-60 वॅटचे दोन छोटे घ्या, हा माझा ठाम सल्ला. एकाच दिव्याखाली मधोमध तीव्र ठिपका पडतो, कोपरे उपाशी राहतात, आणि खडकाच्या प्रत्येक कपारीखाली काळी सावली. दोन दिवे टाकीच्या लांबीचे चार भाग करून पहिल्या आणि तिसऱ्या खुणेवर टांगा, म्हणजे डाव्या कडेपासून 9 इंच आणि उजव्या कडेपासून 9 इंच. दोन्हीकडून प्रकाश आला की एकाची सावली दुसरा भरून काढतो. एक बिघडला तरी दुरुस्तीपर्यंत दुसरा चालतो, हा आणखी फायदा.

उंची: पाण्यापासून 20 ते 30 सेंटीमीटर. खाली आणलात तर मध्याचा आकडा भसकन वाढतो आणि कडा तशाच राहतात. वर नेलात तर मध्याचा आकडा उतरतो, कोपऱ्यांचा थोडा वाढतो, सगळीकडं समान होतं. फार वर नेलात तर प्रकाश खोलीभर सांडतो आणि बसणाऱ्याच्या डोळ्यात जातो. दिव्याची भिंगं किती अंशांची आहेत तेही विचारून घ्या. 120 अंशांची असतील तर 20 सेंटीमीटरपासून सुरुवात करा, 60-90 अंशांची असतील तर 30 वर न्या. दीड फूट उंचीच्या टाकीत 60 अंशांच्या भिंगाची गरज नाही, ती खोल टाक्यांसाठी.

पुढं-मागं: मध्यापेक्षा दोन-तीन इंच पुढं, बघणाऱ्याकडं. कोरल प्रकाशाकडं तोंड करतात. दिवा मागं असेल तर ती भिंतीकडं वळतात आणि आपण त्यांची पाठ बघत बसतो. पण अगदी पुढच्या काचेवर आणू नका, नाहीतर काच रोज घासावी लागेल.

---

निपाणीकर

टिळकवाडीवाल्यांनी लई भारी लिवलंय. मी फक्त उष्णतेचं सांगतो, कारण आमच्याकडं एप्रिल-मेचं ऊन बेळगावापेक्षा जास्त टोचतं.

एलईडीची बरीचशी उष्णता वरच्या बाजूनं निघून जाते, जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांसारखं पाणी तापत नाही. तरी बंद झाकणाच्या टाकीत दिवा आत कोंडला की पाणी चढतंच. झाकण काढा, दिवा मोकळा टांगा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका एक छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनानं पाणी 2-3 अंश उतरतं. उडालेलं पाणी भरताना गोडंच भरायचं, आरओचं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं.

उन्हाळ्यात मी दिव्याची वेळच सरकवतो. दुपारी 4 ला चालू, रात्री 12 ला बंद. पाणी दुपारी जेवढं तापतं तेवढ्यात दिव्याची भर नको. प्रकाश जास्त आणि पाणी 30 च्या वर, हे दोन्ही एका वेळी झालं की कोरल आपलं शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं. समुद्रात उष्णतेच्या लाटेत जे होतं तेच घरात होतं. वेळ एकदम बदलू नका मात्र, रोज अर्धा तास सरकवा. संध्याकाळी माणसं घरी असतात, त्यांनाही टाकी बघायला मिळते.

---

संकेश्वर_मासे

मधेच विचारतो. मला कोरल नकोत, फक्त मासे ठेवायचेत. क्लाउन आणि डॅमसेल. मग हे सगळं लागतं का?

टिळकवाडी_रीफ

अजिबात नाही. माशांना दिवस-रात्र कळली की पुरे. साधी पट्टी लावा, दिवसा 6-8 तास. उरलेले पैसे गाळणीत आणि स्किमरमध्ये (फेसावाटे घाण काढणाऱ्या यंत्रात) घाला.

---

वेंगुर्ल्याची_लेक

माहेर वेंगुर्ला, सासर शहापूर, त्यामुळं घाटाच्या दोन्हीकडची आहे. कायद्याचं मी लिहिते, कारण सुट्टीत मालवण-वेंगुर्ल्याला गेलेली आपलीच माणसं पिशवीत काय काय घालून आणतात ते डोळ्यांनी बघितलंय आणि जीव तुटतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बांधणारे सगळे कठीण कोरल, काळे कोरल, अग्निकोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी-फॅन अनुसूची 1 मध्ये आहेत. वाघाला जे संरक्षण आहे त्याच पंगतीत. समुद्रघोडेसुद्धा संरक्षित आहेत. मेलेला तुकडा, वाळलेला सांगाडाही घरी आणायचा नाही. खडक म्हणून कोरलचे पांढरे दगड विकणारे भेटतात, त्यांच्याकडून घेऊ नका. सिमेंटचे किंवा सिरॅमिकचे कृत्रिम खडक मिळतात, चार-सहा महिन्यांत त्यांच्यावर जांभळी-गुलाबी साय चढते आणि ते समुद्रातल्यासारखेच दिसतात.

लेदर, मशरूम, झोआ ही त्या यादीत नाहीत. पण तीही दुसऱ्याच्या टाकीत वाढून कापलेली घ्या, किनाऱ्यावरून ओरबाडलेली नकोत. क्लाउन तर पैदास केलेलेच घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवून दिलंय, मग समुद्रातून धरायची गरजच काय?

आणि भाऊ, याचा तुमच्या दिव्याशी थेट संबंध आहे. कायद्यानं जे ठेवता येतं ते सगळं मध्यम प्रकाशातलं आहे. म्हणजे सर्वांत महागडा दिवा आपल्याला लागतच नाही.

---

मलप्रभाकाठ

ताई, हे अगदी नेमकं सांगितलंत. माझे खडक कृत्रिमच आहेत. क्लाउनही पैदाशीचेच आहेत, दुकानदाराकडून खात्री करून घेतले होते.

टिळकवाडीदादा, दोन दिव्यांचं पटलं. पण कौलातल्या उन्हाचं राहिलं की!

---

टिळकवाडी_रीफ

ऊन वाईट नाही. जगातले सगळे रीफ उन्हावरच जगतात. अडचण तुमच्या दोन काचांची आहे.

भर दुपारचं थेट ऊन पारमध्ये 2000 च्या घरात जातं. कौलाच्या काचेतून, तिच्यावरच्या धुळीतून अर्धं आलं धरलं तरी 1000. ते टाकीभर पसरत नाही, ताटाएवढा एक कवडसा पडतो आणि तो सरकत जातो. म्हणजे 100 वर जगणाऱ्या झोआंवर रोज थोडा वेळ दहापट प्रकाश आणि बाकी दिवसभर काहीच नाही. त्यात सूर्य उत्तरायण-दक्षिणायनात सरकतो, त्यामुळं आज वाळूवर पडणारा कवडसा दोन महिन्यांनी खडकावर असेल. आणि जूनमध्ये पाऊस लागला की खानापुरात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. ज्या प्राण्याला रोज सारखा प्रकाश हवा, त्याला हे कसं मानवेल?

माझं म्हणणं: काचा ठेवा, माजघराला उजेड हवाच. टाकीच्या वर मात्र आडोसा करा. एक पांढरं पातळ कापड ताणून बांधलं तरी कवडसा मोडतो आणि मऊ उजेड खाली येतो. तो उजेड दिवसा टाकी बघायला छान, पण हिशेबात धरू नका. हिशेब दिव्यावरच करा.

---

उद्यमबाग_फॅब्रिकेटर

टांगायच्या कामाबद्दल चार गोष्टी, कारण असली कामं माझ्याकडं येतात.

जांभ्याच्या भिंतीत दिव्याचा ब्रॅकेट ठोकू नका. चिरा वरून घट्ट दिसतो, पण ड्रिल घातलं की आत भुगा होतो. साधा 6 नंबरचा प्लग आठवडाभर धरतो, मग ढिला होतो. लांब फास्टनर किंवा केमिकल अँकर घालता येतो, पण पुढं आलेल्या ब्रॅकेटला दिव्याचं वजन सतत खाली ओढत असतं. खारं पाणी आणि वीज खाली असताना ती जोखीम का घ्यावी?

तुळईवरून टांगायचं असेल तर लाकूड बरं आहे, पण जुन्या घरात आधी वाळवी लागली नाही ना ते टोकरून बघा. कौलातून धूळ, कोळ्याची जाळी आणि पावसात एखादा थेंब येतोच. दिव्याच्या पंख्यात ती धूळ बसते आणि दिवा आतून तापायला लागतो. टाकीवर पत्र्याचं किंवा पीव्हीसीचं छोटं छत करून घेतलंत तर दिवाही वाचेल, आणि वर सांगितलेला आडोसाही त्यातच होईल.

सर्वांत चांगलं म्हणजे टाकीच्या स्टँडलाच मागून दोन उभे खांब लावायचे. इंची चौकोनी अॅल्युमिनियम पाइप, वरून एक आडवी पट्टी, तिच्यावर दोन्ही दिवे. खांबांना भोकांची ओळ ठेवली की उंची पाहिजे तशी वर-खाली करता येते, आणि आडवी पट्टी पुढं-मागं सरकायला खाच ठेवायची. लोखंड वापरू नका, रंग दिला तरी खाऱ्या हवेत सहा महिन्यांत फुगतं आणि गंज टाकीत पडतो. स्टेनलेसचे नट-बोल्ट घेतानाही 316 मागा. 304 वर तांबडे डाग येतात.

दिवा दोन तारांवर टांगणार असाल तर तिसरी तार फक्त सुरक्षेसाठी ढिली बांधून ठेवा.

---

अनगोळचा_वायरमन

फॅब्रिकेटर अण्णांनी वजनाचं सांगितलं, मी विजेचं सांगतो. हे वाचल्याशिवाय कोणी प्लग लावू नका.

खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वीज वाहून नेतं. टाकीच्या बोर्डाला 30 मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) स्वतंत्र लावा. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतं असतं, ते आधी तपासून घ्या. दिव्याची वायर बोर्डाकडं जाताना मध्ये खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये जात नाही. बोर्ड टाकीच्या खाली कधीच नको, बाजूला आणि पाण्याच्या पातळीपेक्षा वर.

टायमरचं ऐका. बाजारात दात्यांचं चाक असलेला स्वस्त टायमर मिळतो. वीज गेली की त्याचं घड्याळ थांबतं. पावसाळ्यात हेस्कॉमची (आपल्या वीज कंपनीची) लाइन दिवसातून चारदा गेली की आठवड्याभरात तुमचा दिवा मध्यरात्री चालू व्हायला लागेल. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, किंवा दिव्याच्या स्वतःच्या कंट्रोलरला वेळ लक्षात राहते का ते दुकानातच प्लग काढून-लावून बघा.

इन्व्हर्टरवर दिवा घेऊ नका. कोरलला एक-दोन दिवस अंधार चालतो, ढगाळ हवेत समुद्रातही तेच होतं. पाणी फिरणं थांबलं तर मात्र काही तासांत प्राणवायू संपतो. इन्व्हर्टरवर फक्त पंप ठेवा. 30 वॅटचे पंप असतील तर 150 एएचची बॅटरी रात्रभर आरामात खेचते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा, नाहीतर पंप घुरघुरतात आणि तापतात. खेड्यात वीज परत येताना दाब एकदम उसळतो, त्यात एलईडीचे ड्रायव्हर जातात. त्यासाठी चांगला स्टॅबिलायझर लावा, वीज आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून पुरवठा देणारा.

खर्चाचं भय असेल तर हिशेब सांगतो. दोन दिवे मिळून 60 टक्क्यांवर साधारण 65-70 वॅट ओढतील. रोज 9 तास म्हणजे जवळपास 0.6 युनिट, महिन्याला 18-19 युनिट.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवे घेतले, प्रत्येकी 55 वॅटचे, निळा-पांढरा वेगळा करता येणारे, 120 अंशांची भिंगं. खांब अॅल्युमिनियमचेच करून घेतले. सध्या पाण्यापासून 22 सेंटीमीटरवर आहेत. पत्र्याचं छत केलंय. आरसीसीबी बसला.

आता पुढचा प्रश्न: पारचा मीटर फार महाग आहे. मोबाइलवरच्या लक्स मोजायच्या अॅपनं काम भागेल का? आणि पहिल्या दिवशी दिवा किती टक्क्यांवर ठेवू?

---

टिळकवाडी_रीफ

लक्स आणि पार यांत गफलत करू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं माप आहे. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्याला सर्वांत जास्त दाद देतो आणि गडद निळ्याला फार कमी. त्यामुळं निळ्या दिव्याखाली लक्सचा आकडा केविलवाणा दिसतो, माणूस दिवा वाढवत जातो आणि कोरल जळतं. त्याचा एकच उपयोग: दिवा तोच, रंगाचं मिश्रण तेच ठेवून पृष्ठभागावर डावीकडं-उजवीकडं फरक किती आहे एवढं बघा. दोन्ही दिवे सारखे टांगलेत का ते कळेल.

खरा मीटर आमच्या चार-पाच जणांनी वर्गणी काढून घेतलाय, एलईडीसाठी आणि पाण्याखाली चालणारा. जुन्या बनावटीचे काही मीटर निळा कमी मोजतात, म्हणून घेताना हे बघूनच घेतला. शनिवारी बेळगावला आलात तर घेऊन जा.

मोजताना सेन्सर वरच्या दिशेनं सपाट धरा, हाताची सावली पडू देऊ नका. लाट फिरवणारा पंप काही मिनिटं बंद करा, कारण लाटांमुळं आकडा सतत नाचतो. पाच जागी वाळूवर, पाच जागी मध्ये, तीन खडकाच्या माथ्यावर. कागदावर टाकीचा नकाशा काढून आकडे लिहा. मग कोरल आणायचं आणि आकड्याप्रमाणं जागा द्यायची.

टक्के मी सांगणार नाही, मीटर सांगेल. कोरल आणाल तेव्हा ते आधी वाळूवर ठेवा, जिथं आकडा सर्वांत कमी आहे तिथं. आठवड्यानं एक पायरी वर. किंवा कोरल जागेवरच ठेवून दिवा निम्म्यापासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढवा. महिना-दीड महिना लागतो, लागू द्या. ते ज्या टाकीतून आलंय तिथला प्रकाश किती होता हे देणाऱ्याला विचारायला विसरू नका.

वेळ 8-9 तास. त्यातला पहिला आणि शेवटचा तास नुसता मंद निळा. रात्री पूर्ण अंधार, चांदण्याचा निळा दिवा रात्रभर लावायची गरज नाही.

---

संकेश्वर_मासे

एवढं वाचून मलाही एक लेदर ठेवावंसं वाटायला लागलंय.

---

मलप्रभाकाठ

मीटर आणला, मोजलं. निळा 60 आणि पांढरा 15 टक्क्यांवर: वाळूवर कोपऱ्यांत 45-50, मध्ये 75. मधल्या कपारीत 110-120. माथ्यावर डावीकडं 170, उजवीकडं 140. उजवा खडक तीन बोटं बुटका आहे, त्यामुळं असेल. टाकीच्या वर मध्ये काचेची आडवी पट्टी आहे, तिच्या बरोबर खाली आकडा 20 नं कमी येत होता. पट्टीवर मिठाची पांढरी साय धरली होती. आरओच्या पाण्यानं पुसली आणि पुन्हा मोजलं, निम्मा फरक भरून निघाला.

वाळूच्या कोपऱ्यात मशरूम, मध्ये झोआ, डाव्या माथ्यावर छोटं लेदर ठेवलंय. तीन आठवडे झाले. मशरूम ताटलीसारखे पसरलेत, लेदर फुललंय. झोआ मात्र माना लांब करून उभे आहेत, आणि लेदर दोन दिवस मिटून बसलं होतं, अंगावर मेणचट पापुद्रा आला होता. हा प्रकाशाचा त्रास आहे का?

---

टिळकवाडी_रीफ

लेदरचं काळजीचं नाही. ते अधूनमधून कात टाकतं, मिटतं, पापुद्रा सोडतं आणि पुन्हा उघडतं. त्या दिवसांत त्याच्यावर पाण्याचा झोत जरा वाढवा, पापुद्रा लवकर निघतो.

झोआ माना लांब करतात तेव्हा प्रकाश कमी पडतोय असं समजा. ठेवताना तुम्ही कपारीच्या आत सरकवले असतील तर वरच्या खडकाची सावली येत असेल. सेन्सर बरोबर त्यांच्या तोंडाशी धरून मोजा. दिवा वाढवू नका, झोआच दोन इंच बाहेर काढा. दिवा वाढवलात तर खालचे मशरूम बिघडतील. उलट लक्षणं म्हणजे रंग फिका पडणं, कडा पांढऱ्या होणं, दिवा लागल्यावर मिटणं आणि बंद होताना उघडणं. तसं दिसलं तर त्याच दिवशी दिव्याचे टक्के कमी करा. कमी प्रकाशात कोरल आठवडे तग धरतं, जास्त प्रकाशात दोन-तीन दिवसांत जातं.

मिठाची साय हेरलीत ते फार चांगलं केलंत. स्वच्छ काचसुद्धा सात-आठ टक्के प्रकाश परतवते, मीठ बसलं की विचारू नका. दिव्याच्या खालच्या काचेवरही शिंतोडे बसतात, तीही दर आठवड्याला प्लग काढून पुसा.

---

वेंगुर्ल्याची_लेक

काचेवर तपकिरी साय येतीय का? नव्या टाकीत ती येतेच, डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल असतं, घाबरून दिव्याचे तास कमी करू नका. पण हिरवे केस उगवायला लागले तर आधी पाण्यातला नायट्रेट-फॉस्फेट बघा. बोअरचं किंवा नळाचं पाणी थेट वापरलं की हमखास येतं. दिव्याला सगळे दोष देतात, खाद्य मात्र मूठभर घालतात.

---

मलप्रभाकाठ

झोआ बाहेर काढले, चार दिवसांत माना आखूड झाल्या, तोंडं सपाट उघडलीत. तपकिरी साय आहे, हिरवं काही नाही. पाणी आरओचंच आहे.

क्लाउनसाठी बबल-टिप अॅनिमोन आणायचा मोह होतोय. माथ्यावर 170 आहे, म्हणजे चालेल ना?

---

टिळकवाडी_रीफ

प्रकाश चालेल, टाकी अजून तयार नाही. अॅनिमोनला निदान सहा महिने मुरलेली, स्थिर टाकी लागते. शिवाय तो तुम्ही ठेवाल तिथं बसत नाही, पाय उचलून स्वतः हिंडतो आणि प्रकाश-झोत मानवेल तिथं रुजतो. हिंडताना लाट फिरवणाऱ्या पंपात अडकला तर त्याचे तुकडे होतात आणि सगळी टाकी बिघडते. आणण्याआधी प्रत्येक पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी बसवा. डाव्या माथ्यावरचं लेदरही त्याच्या वाटेतून दूर करावं लागेल, तो डंख मारतो. दिवाळीनंतर बघू.

---

निपाणीकर

मीटर खानापुरातनं परत आला की मला पाहिजे. आमच्या टाकीतला उजवा कोपरा मोजायचाय. त्याच्यानंतर संकेश्वरला देतो. आणखी कुणाला पाहिजे असंल तर इथंच नंबर लावा, आणि सेन्सर गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून पुढं द्या.

संकेश्वर_मासे

माझा नंबर धरा. लेदरचा तुकडा कोण देतंय?

वेंगुर्ल्याची_लेक

माझ्याकडचं लेदर कापायला आलंय. शहापुरात येऊन घेऊन जा. ते माझ्याकडं 120 वर वाढलंय, तुमच्याकडं 80 पासून सुरू करा.